महिला हॉकी संघ वर्ल्ड कप आणि लॉस एंजेलिस गाठेल का? एका फलटणकराचं उत्तर

तुम्ही विचारलंय, 2025 च्या सप्टेंबरमध्ये आशिया कपची फायनल हरल्यावर आपल्या महिला हॉकी संघाचं पुढं काय, 2026 चा वर्ल्ड कप आणि 2028 चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक त्यांना गाठता येईल का. हे लिहितोय 2025 च्या दिवाळीत. आधी आकडा सांगतो, मग कारणं. सोळा आण्यांचा रुपया धरला, तर वर्ल्ड कपला जायची शक्यता मी चौदा आणे धरतो. एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकून थेट ऑलिम्पिकला जायची, फार तर पाच आणे. मागच्या दारानं, म्हणजे पात्रता स्पर्धेतून का होईना, पण लॉस एंजेलिसला पोहोचायची, दहा आणे. यातला एखादा आणा मायेपोटी वाढवलेला आहे, तो तुम्ही वजा करा.

माया कसली तेही सांगून टाकतो. माझं फलटणला कृषी सेवा केंद्र आहे. शाळेत असताना मुरमाच्या मैदानावर चार वर्षं राईट हाफ खेळलो. स्टिकला सायकलची ट्यूब गुंडाळून. आज या संघात मधल्या फळीत खेळणारी वैष्णवी फाळके आमच्याच तालुक्यातल्या आसूची. पुढच्या फळीतली ऋतुजा पिसाळ आमच्याच सातारा जिल्ह्यातली. त्यांच्याआधी वाखरीच्या अक्षता ढेकळेनं भारताची जर्सी घातली. त्यामुळं मी तटस्थ आहे असा आव आणत नाही.

एक गंमत सांगतो. संघाच्या यादीत ऋतुजाचं नाव 'ऋतुजा दादासो पिसाळ' असं येतं, अक्षताचं 'अक्षता आबासो ढेकळे'. परदेशी समालोचक हे 'डाडासो' उच्चारतो तेव्हा त्याला वाटत असणार, हे काहीतरी स्पॅनिश आहे. दादासाहेबाचं दादासो, आबासाहेबाचं आबासो हे सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या खतांच्या उधारीच्या वहीत निम्मी नावं 'सो' नं संपतात. पण टीव्हीवर, चीनच्या मैदानात ते ऐकलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

आता फायनल. 14 सप्टेंबर, रविवार. त्याच रात्री दुबईत क्रिकेटची भारत-पाकिस्तान मॅच होती, त्यामुळं चीनमधल्या हांगझौच्या फायनलची गावात कुणाला खबरही नव्हती. पावसानं उघडीप दिली होती म्हणून फवारणीच्या औषधांना गिऱ्हाईक होतं, दुकान उघडंच होतं. मी दुकानातल्या छोट्या टीव्हीवर हॉकी लावली. एक तात्या आले, म्हणाले, "कुणाची मॅच रं?" म्हटलं, "पोरींची. हॉकीची फायनल हाय, चीनसंगं." म्हणाले, "लाव लाव. पर रात्री पाकिस्तानची इसरू नको." एवढं बोलणं होतंय तोवर पहिल्याच मिनिटाला नवनीत कौरनं पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला. तात्या खुर्ची ओढून बसले. औषध तसंच काउंटरवर.

हाफ टाइमला 1-1. एक्केचाळिसाव्या मिनिटाला चीननं 2-1 केलं. मग एक्कावन्न आणि बावन्न, लागोपाठच्या दोन मिनिटांत दोन गोल, आणि 4-1. तीन दिवस आधी सुपर फोरमध्येही चीननं आपल्याला 4-1 नंच मारलं होतं. तात्या उठले, औषध घेतलं, म्हणाले, "दम संपला पोरींचा."

माझं तात्यांशी इथं जमत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. दम संपला म्हणत असाल तर याच स्पर्धेतली कोरियाविरुद्धची मॅच आठवा. दुसऱ्या मिनिटाला वैष्णवीचा गोल, एकोणसाठाव्या मिनिटाला ऋतुजाचा, आपण 4-2 नं जिंकलो. पहिला आणि शेवटचा गोल साताऱ्याच्या पोरींचा. (त्या दिवशी मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला. बायकोनं महिन्याच्या हिशेबात ते पकडलं.) जपानविरुद्ध तर नवनीतनं साठाव्या मिनिटाला गोल करून 2-2 केलं. हा दम संपलेला संघ नव्हे. आपलं खरं दुखणं पेनल्टी कॉर्नर आहे.

तुम्ही क्रिकेटवाले असाल तर थोडक्यात सांगतो. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बचाव करणाऱ्यांकडून फाऊल झाला की कॉर्नर मिळतो. एक जण गोल लाईनवरून चेंडू आत ढकलते, दुसरी डीच्या टोकाला तो अडवते, तिसरी फ्लिक करते, म्हणजे स्टिकनं ओढत नेऊन गोलाकडं भिरकावते. समोरून चार जणी आणि गोलकीपर अडवायला असतात. कॉर्नरवरचा पहिला फटका सरळ हिट मारला, तर चेंडू फळीच्या वर जाऊन चालत नाही, फळी म्हणजे गोलाच्या तळाशी असते ती, साधारण दीड फूट उंच. पण फ्लिकला ही अट नाही, म्हणून ड्रॅगफ्लिकरला सोन्याचा भाव. आणि ड्रॅगफ्लिक टर्फवरच, म्हणजे कृत्रिम हिरवळीवरच शिकावा लागतो. मुरमावर चेंडू उसळतो, स्टिकला चिकटून ओढत नेताच येत नाही. आम्ही शाळेत कॉर्नर मिळाला की डोळे मिटून हाणायचो. आमच्याकडच्या पोरींना त्यासाठी पुण्याला बालेवाडीची वाट धरावी लागते, त्या हॉकीसाठी घर सोडतात ते याच शाळेच्या वयात.

2024 च्या जानेवारीत रांचीला काय झालं ते आठवा. ऑलिम्पिकची पात्रता, घरचं मैदान, आठ संघांतले पहिले तीन पॅरिसला जाणार. पहिल्याच मॅचला अमेरिकेनं 1-0 नं हरवलं. सेमीफायनलला जर्मनीशी 2-2 आणि शूटआऊटमध्ये हार. तरी एक संधी होती, जपानविरुद्ध तिसऱ्या नंबरची मॅच. जपाननं सहाव्या मिनिटाला कॉर्नरवर गोल केला. त्यानंतर आपल्याला कॉर्नरमागून कॉर्नर मिळत गेले आणि एकही आत गेला नाही. 0-1. टोकियो ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाला 1-0 नं हरवून चौथ्या आलेल्या संघाला पॅरिस घरी बसून बघावं लागलं. आणि टोकियोतला तो ऑस्ट्रेलियाविरुद्धचा गोल कशावर होता? गुरजीत कौरचा, पेनल्टी कॉर्नरवर.

उलट बाजू बघा. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये राजगीरला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये आपण याच चीनला, पॅरिसच्या रौप्यविजेत्या चीनला, 1-0 नं हरवलं. गोल दीपिकाचा, पुन्हा पेनल्टी कॉर्नरवर. त्या स्पर्धेत तिनं एकटीनं 11 गोल केले. आणि हांगझौला दीपिका दुखापतीमुळं नव्हती. अनुभवी गोलकीपर सविता पुनियाही नव्हती. म्हणून 4-1 बघून मी छाती बडवत नाही. पण एकीच्या खांद्यावर सगळा कॉर्नर टांगून ठेवायचा आणि ती जायबंदी झाली की आभाळाकडं बघायचं, याला नियोजन म्हणत नाहीत. शेतकरी एकाच बोअरवर दहा एकर ऊस लावत नाही.

2024-25 च्या प्रो लीगबद्दल, म्हणजे जगातल्या वरच्या संघांच्या लीगबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण बोलायला नको वाटतं. फेब्रुवारीत भुवनेश्वरला जगात पहिल्या नंबरच्या नेदरलँड्सला शूटआऊटमध्ये हरवलं आणि जूनच्या युरोप दौऱ्यात एकही मॅच जिंकली नाही. शेवटच्या नंबरावर राहून खालच्या नेशन्स कपमध्ये उतरलो.

तरीही वर्ल्ड कपला चौदा आणे कसे? आशिया कप जिंकला असता तर थेट तिकीट मिळालं असतं, जसं पुरुषांना सप्टेंबरमध्येच राजगीरला कोरियाला 4-1 नं हरवून मिळालं. आता 2026 च्या मार्चमध्ये पात्रता स्पर्धा आहेत, दोन, प्रत्येकी आठ संघांच्या. दोन्हीकडचे पहिले तीन आणि दोन चौथ्यांपैकी क्रमवारीत जो वर असेल तो, असे सात संघ वर्ल्ड कपला जाणार. वर्ल्ड कप 2026 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये, 16 संघांचा. नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम, चीन असली मंडळी आधीच आत असल्यामुळं पात्रतेला समोर नसतील. आठांत पहिल्या तिनांत, फार तर चौथं, हे आपल्याला जमायलाच पाहिजे. उरलेले दोन आणे रांचीच्या आठवणीपोटी कापले आहेत.

एशियन गेम्सची गोष्ट वेगळी. 2026 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये आयची-नागोयाला आहेत. सुवर्ण जिंकणारा थेट लॉस एंजेलिसला. तिथं तीन-चार जागा नाहीत, एकच आहे आणि तिच्या दारात चीन उभा आहे. मागच्या एशियन गेम्सला, 2023 मध्ये हांगझौलाच त्यांनी आपल्याला सेमीफायनलमध्ये 4-0 नं हरवलं होतं, म्हणूनच तर आपण रांचीच्या फेऱ्यात अडकलो. शिवाय जपान घरच्या मैदानावर. पाच आणे दिले तेच जास्त म्हणा. सुवर्ण हुकलं तर पुन्हा पात्रता स्पर्धा, पुन्हा छातीत धडधड.

ऋतुजाबद्दल एक गोष्ट राहिली. 2025 च्या जानेवारीत हॉकी इंडिया लीगचा महिलांचा पहिलाच मोसम झाला, फायनल 26 जानेवारीला रांचीत. ऋतुजाच्या ओडिशा वॉरियर्सनं सूरमा संघाला 2-1 नं हरवलं आणि दोन्ही गोल ऋतुजाचे. दुसरा तर छप्पनाव्या मिनिटाला. ज्या गावात संघानं वर्षभरापूर्वी पॅरिस घालवलं, त्याच गावात. फायनलमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत गोल मारणारी पोर मला संघात हवी, तिच्याजागी कुणाचं नाव कितीही मोठं असो. निवड समितीत मी नाही, हे संघाचं नशीब म्हणा किंवा दुर्दैव.

हे लिहितोय तेव्हा इकडं सगळे सांगलीच्या स्मृती मानधनाची बॅटिंग बघण्यात गुंग आहेत, आणि बरोबरच आहे, महिला क्रिकेटचा वर्ल्ड कप घरात चालू आहे. मीही बघतो. पण तात्यांशी माझी पैज लागली आहे. मार्चमध्ये हॉकी संघ वर्ल्ड कपला पात्र ठरला तर मटण-भाकरी त्यांच्या रानात, नाही ठरला तर माझ्या घरी. परवा दिवाळीचा फराळ द्यायला आले तेव्हा त्यांनीच विचारलं, "ती दीपिका का कोण, बरी झाली का रं?"