मंदीत नोकरी शोधताना सुरुवात कुठून करायची?

एकच बायोडेटा शंभर ठिकाणी पाठवू नकोस. सुरुवातीला बहुतेक जण हीच चूक करतात. २००९ च्या मंदीत मीही केली होती. जाहिरात नीट वाच. त्यात ‘एक्सेल, जीएसटी विवरणपत्र’ असं असेल आणि तुला ते खरंच येत असेल, तर तेच शब्द बायोडेटात वरच्या अर्ध्या पानात दिसू देत. अनेक कंपन्यांत पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं, माणूस नंतर वाचतो.

ओळखीच्यांना सांग. संकोच वाटतो, कळतं मला. पण ‘काही असेल तर बघा’ नको, ‘अकाउंट्समध्ये जागा निघाली तर कळवा’ असं नेमकं सांग.

- अर्ज कुठे, कधी केला ते वहीत लिही.
- नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांब.

पगाराची बोलणी नंतर बघू. आज एकच जाहिरात निवड, बायोडेटा तिच्याप्रमाणे बदल आणि मला दाखव.