आधी त्यांच्या घरची कॉफी

प्रिय बाळ,

ख्रिस्तात सलाम.

तू पाठवलेला दहा दिवसांचा कार्यक्रम वाचला. सकाळी बालशिबिर, दुपारी कपडेवाटप, संध्याकाळी सुवार्तासभा, आठव्या दिवशी रंगकाम. प्रत्येक रकान्यात तुम्ही देणारे आणि ते घेणारे. तुम्ही त्यांच्याकडून काही घ्याल असा एकही रकाना नाही. पूर्व स्लोव्हाकियातल्या रोमा, म्हणजे ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत त्या लोकांच्या, वस्तीवर जाणाऱ्या गटांचं बहुतेक इथेच चुकतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिल्या दिवशी शिबिर ठेवू नकोस. तिथल्या मंडळीच्या पाळकाबरोबर चार-पाच घरी जा आणि बस. कॉफी येईल, पेल्यात थेट पूड टाकून उकळतं पाणी ओतलेली. ढवळून तीन-चार मिनिटं थांब, गाळ खाली बसू दे, तळाचा घोट सोडून दे. एखाद्या घरी मारिक्ली मिळेल. पीठ, पाणी, मीठ, सोडा एवढ्यावर तापल्या चुलीवर भाजलेली ही जाड पोळी तुला परकी वाटणार नाही. डुकराच्या आतड्यात बटाटा भरून केलेला गोया हा पदार्थ जड जाईल; एक तुकडा तरी खा. गावातले बिगर-रोमा, म्हणजे त्यांच्या भाषेत गाजो, पिढ्यानपिढ्या या घरांत पाण्याचा घोट घेत नाहीत. पेला नाकारला की काय ऐकू जातं, हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला समजावून सांगायला नको. आपल्या किती मंडळ्यांच्या आज्या-पणज्यांना वरून ओंजळीत पाणी घालत असत, ते आठव.

सोवळंओवळं त्यांच्यातही आहे, आणि ते घरागणिक वेगळं असतं. ज्या घमेल्यात भांडी धुतात त्यात कपडे किंवा हातपाय धुवायचे नाहीत. जेवणाच्या जागेवर बसायचं नाही, ताटांवरून ओलांडून जायचं नाही. काही घराणी स्वतःला ‘झुझे’, म्हणजे शुद्ध, मानतात आणि दुसऱ्यांना ‘देगेश’, म्हणजे अशुद्ध, म्हणून त्यांच्या हातचं खात नाहीत. हा शब्द तू चुकूनही उच्चारू नकोस. मात्र शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकत्र जेवण घालायचं ठरवलंत, तर शिजवणार कोण हे पाळकाला आधी विचार. आचारी चुकला तर अर्धी वस्ती येऊन उभी राहील आणि जेवणार नाही. असं झालं की भांडण तुमच्यामागे दोन महिने चालतं.

वस्तीला स्लोव्हाक लोक ‘ओसाडा’ म्हणतात. मराठी कानाला ओसाड ऐकू येईल, पण जागा गजबजलेली असते. ती गावाबाहेर का, हे जाण्याआधी कळलं पाहिजे. हे लोक पालं घेऊन फिरणारे नाहीत. स्लोव्हाकियातले बहुतेक रोमा शेकडो वर्षं स्थायिक आहेत. अठराव्या शतकात तिथे राज्य करणाऱ्या मारिया थेरेसा राणीने त्यांची भाषा, पेहराव, अगदी नावही पुसून त्यांना ‘नवे शेतकरी’ करायचा हुकूम काढला. १९४१ मध्ये, महायुद्धाच्या काळात, नाझींच्या बाजूच्या स्लोव्हाक राज्याने रस्त्यालगतची रोमा घरं पाडून ती दूर, नजरेआड हलवायला लावली. आज वस्तीपर्यंत तू जी पायपीट करशील, तिचं एक मूळ या आदेशात आहे. आणि त्या राज्याचा अध्यक्ष योझेफ तिसो हा धर्मगुरू होता. क्रूस गळ्यात घालून वस्तीत शिरताना हे माहीत असू दे. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री नाझींनी ऑशवित्झ-बिर्केनाऊमधली रोमांची छावणी रिकामी करून हजारोंना गॅसने मारलं. तुमची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीची आहे, तेव्हा त्या दिवशी नाचगाणी ठेवू नका. पाळक स्मरणप्रार्थना घेत असतील तर मागच्या बाकावर बसा.

आरोग्य तपासणी शिबिराची कल्पनाही सोडून दे. रोमा स्त्रियांची त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय नसबंदी झाली होती आणि सरकारने त्याबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. ओळख नसलेली माणसं स्टेथोस्कोप घेऊन आली की बायका दारं लावून घेतात, आणि ते बरोबरच आहे.

आता बालशिबिर. पहिल्या दिवशी चाळीस मुलं आली तर तिसऱ्या दिवशी शंभर धर. तीन गट कर: चार ते सहा, सात ते दहा, अकरा ते चौदा वर्षं. एका गटात वीस-पंचवीसच मुलं, जास्त आली तर त्या वयाचे दोन गट, आणि किमान दोन मोठी माणसं, त्यांतला एक तिथलाच रोमा तरुण. एकूण दीड तास पुरे. वीस मिनिटांहून लांब काहीही चालत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुली कडेवर धाकटं भावंड घेऊन येतात. त्यांच्यासाठी बाजूला सतरंजी आणि तान्ह्यांना सांभाळायला दोघीजणी ठेव, नाहीतर त्या पोरी सगळे दिवस नुसत्या उभ्या राहतील. चार मुलांत एक खडूंची पेटी दे; प्रत्येकाला एक दिलीस तर ती पहिल्या पाच मिनिटांत घरी जाते. सामान मोजून वीस टक्के जास्त आण, पण अर्धंच बाहेर काढ. एकट्यादुकट्याला बक्षीस नको. खाऊ द्यायचाच तर शेवटी, बाहेर पडण्याच्या एकाच वाटेवर, जाणाऱ्याच्या हातात. मैदानाच्या मध्ये खोकं उघडलं की धाकटी चेंगरतात.

पाणी स्वतः न्या. कित्येक वस्त्यांत घरोघरी नळ नाही. सार्वजनिक पंप असतो, किंवा चिप लावून पैसे भरायचं यंत्र. तोटी असलेले वीस लिटरचे दोन कॅन आणि साबण रोज लागतील. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ, या वस्त्यांत वरचेवर पसरते. लशीची पहिली मात्रा निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घे. गोवर आणि धनुर्वाताच्या लशी पूर्ण आहेत का बघ. जंगलालगत गोचीड असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, संध्याकाळी अंग तपास, कच्चं शेळी-मेंढीचं दूध पिऊ नकोस. उवा आणि खरजेची शक्यता धर, पण मुलांना जवळ घेताना अंग चोरू नकोस. केस घट्ट बांध, तेवढं पुरतं.

कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर नको, गाडीत तर नाहीच. गटातल्या प्रत्येकाचा पोलीस पडताळणी दाखला हवा. तरण्या मुलींशी मुलग्यांनी कोपऱ्यात गप्पा मारल्या तर तिच्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होतो. तू गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा पंजाबी ड्रेस घाल. मोबाईल पहिले तीन दिवस खिशात ठेव. नंतरही मुलांचे चेहरे, मोडकी घरं, वस्तीचं नाव असलं काही टाकू नकोस. त्या मुलांच्या वर्गातली गाजो मुलंही तो फोटो बघतात.

कपडेवाटप पूर्ण काढून टाक. ढीग पडला की दांडगी घरं पुढे येतात, विधवा मागे राहते, उरलेलं चिखलात जातं आणि पाळकाने आपल्या नात्याला जास्त दिलं हा आरोप वर्षभर फिरतो. तेच पैसे मंडळीच्या निधीत द्या. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. वह्या-दप्तरं आणि हिवाळ्याचं सरपण यांची गरज कोणाला, हे पाळकाला ठाऊक असतं. रंगकामाचंही तसंच. वस्तीत बांधकामावर जाणारे कसबी हात रिकामे बसलेले असतात. रंग तुम्ही आणा, मजुरी त्यांना द्या, आणि त्यांच्या हाताखाली काम करा.

संदेश दहा मिनिटांचा लिही. दुभाष्यामुळे तो वीस मिनिटांचा होतो. वस्तीतले बहुतेक जन्माने कॅथलिक किंवा ग्रीक कॅथलिक (पूर्वेकडचा विधी पाळणारे, पण पोपला मानणारे) आहेत, तेव्हा त्यांना येशूचं नाव पहिल्यांदा सांगतेय अशा थाटात बोलू नकोस. कोशित्से शहरातल्या लुनिक ९ या रोमा वस्तीत सेल्सियन या कॅथलिक संघाचे धर्मगुरू वर्षानुवर्षं राहतात. पोप फ्रान्सिस १४ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे गेले होते. किती हात वर झाले ते मोजू नका आणि अहवालात तर मुळीच लिहू नका. ढोलकी जरूर ने, पण वाजवण्याआधी त्यांचा सिंथेसायझर आणि गिटार ऐका. वस्तीत कोणी वारलं तर ध्वनिक्षेपक ताबडतोब बंद. दफन होईपर्यंत रात्रीची जागरणं चालतात आणि गाणं-बजावणं होत नाही. शिबिर थांबलं तर थांबू दे.

भाषेचा आनंद मात्र मनसोक्त घे. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, आणि देश म्हणजे दहा. पानी, लोन, नाख, कान, छुरी, मानुश. सात, आठ, नऊ यांना ते एफ्ता, ओख्तो, एन्या म्हणतात. ते शब्द ग्रीक आहेत, कारण त्यांचे पूर्वज भारतातून निघून बायझंटाइन साम्राज्याच्या ग्रीक बोलणाऱ्या मुलखात बराच काळ राहिले. मुलांबरोबर आकडे म्हणायला यासारखा खेळ नाही. दक्षिणेकडच्या काही घरांत हंगेरियन बोलतात, हे ध्यानात ठेव. ‘तुम्ही मूळचे आमचे’ हे भाषण मात्र करू नकोस. ते स्लोव्हाकियाचे नागरिक आहेत, आणि ‘परत जा’ हे त्यांनी पुष्कळदा ऐकलंय. ते आपणहून तुझा हात स्वतःच्या हाताशेजारी धरून रंग ताडतील, तेव्हा हस. दुकानात पहारेकरी तुझ्याही मागे फिरेल. रागावून वाद घालू नकोस, पावती जपून ठेव.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनचा (बहुतेक युरोपीय देशांना एकच चालणारा) अल्पमुदतीचा व्हिसा, किमान तीस हजार युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा, तिथल्या मंडळीचं निमंत्रणपत्र. प्रवासाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज स्वीकारतात, पण उन्हाळ्याची गर्दी असते. दोन-तीन महिने आधी कर.

निघताना मुलं विचारतील, परत कधी येणार. तारीख ठरलेली नसेल तर ‘माहीत नाही’ असंच सांग. निघणारा म्हणतो, ‘आछेन देव्लेहा’, देवाबरोबर राहा. मागे राहणारे म्हणतात, ‘जान देव्लेहा’, देवाबरोबर जा. दोन्ही आधी पाठ कर, म्हणजे त्यांचं उत्तर तुला कळेल. आणि हिपॅटायटिसच्या लशीची दुसरी मात्रा सहा महिन्यांनी असते, ती घ्यायला विसरू नकोस.

सुधारलेला कार्यक्रम पाठव. पहिला दिवस कोरा ठेवून.

तुझा,
प्रार्थनेत आठवण करणारा