डिझेल सांडलेल्या जागेत बी का रुजत नाही? खाजन शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

खाजन म्हणजे गोव्यात खाडीकाठी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन.

प्रश्न (दिवाडी): वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) हंगामात पंपाजवळ पाच लिटर डिझेलचा कॅन लवंडला. साधारण दोन बाय तीन मीटर जागेतले भात करपले. आता तिथे अळसाणे (चवळीसारखे कडधान्य) टाकून पाहिले, तर दहा दाण्यांतले दोन-तीनच उगवले. पावसाळ्यात तिथे भात पेरावे का?

उत्तर: थेट पेरणी करू नका. तरवा (लावणीची रोपे) दुसऱ्या स्वच्छ वाफ्यात काढा आणि या जागेत लावणीच करा. वीस-पंचवीस दिवसांचे रोप जो त्रास सोसते, तो रुजणाऱ्या दाण्याला सोसत नाही.

दाणा रुजायला आधी पाणी ओढावे लागते. डिझेलचा पातळ थर सालीवर आणि मातीच्या कणांवर बसला की पाणी आत शिरत नाही. ढेकूळ फोडून, वाळवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. चांगल्या मातीत तो पाच सेकंदांच्या आत जिरतो. तेलकट मातीत मण्यासारखा वर बसून राहतो. दुसरे म्हणजे मातीतल्या पोकळ्या तेलाने भरल्याने कोंबाला प्राणवायू कमी पडतो. तिसरे, डिझेलमधली हलकी द्रव्ये थेट गर्भाला मारतात. असा दाणा फोडून पाहा, मूळ टोकाशी तपकिरी आणि आखूड दिसेल. जे दाणे उशिरा का होईना उगवतात, तीही रोपे पिवळी राहतात. तेल खाणारे जिवाणू वाढताना मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी पडते.

हेच जिवाणू जमीन सुधारतात, म्हणून त्यांना हवा, ओल आणि नत्र द्यायचे. पाणी भरलेल्या भातखाचरात हवा नसल्याने हे काम फार मंदावते. त्यामुळे पाऊस धरण्याआधीचे दिवस वाया घालवू नका. वासाने सगळ्यात उग्र असलेली वरची पाच सेंटिमीटर माती उचलून प्लास्टिकच्या कागदावर, नाल्यापासून लांब पसरा. उरलेली जागा 15 सेंटिमीटर खोल कुदळून घ्या. आपली जमीन आम्लधर्मी असते, म्हणून माती तपासणीत सामू (pH) सहाच्या खाली आला तर चौरस मीटरला 200 ग्रॅम चुना मिसळा. आठवड्याने चांगले कुजलेले शेणखत चौरस मीटरला तीन ते पाच किलो आणि त्यानंतर युरिया द्या. चुना आणि युरिया एकाच दिवशी घातले तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

युरिया किती, हे सांडलेल्या तेलावर ठरते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे 720 ग्रॅम कार्बन असतो. शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र धरले तर लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास युरिया होतो. तुमच्याकडे बरेचसे डिझेल उडूनही गेले असेल, म्हणून निम्मी मात्रा पुरे: पाच लिटरसाठी एकूण 375 ग्रॅम युरिया आणि 250 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. सुपर फॉस्फेट एकदाच घाला, पण युरियाचे तीन समान हप्ते करा आणि दर पंधरवड्याला जमीन हलवताना एकेक द्या. एकदम दिलात तर त्याचा अमोनियाच बियाला भाजतो. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी पण पाणी गळू नये, इतकी ओल राखा. पसरलेल्या मातीलाही हीच निगा हवी.

साबण किंवा डिटर्जंटने जमीन धुऊ नका. तेल फुटून खोल जाते आणि साबण स्वतःच कोंबाला मारक आहे. जाळूही नका.

जागा सुधारली की नाही, हे बियालाच विचारा. तिथली वरची माती एका ट्रेमध्ये आणि शेजारची स्वच्छ माती दुसऱ्यात घ्या. दोन्हीत भाताचे शंभर-शंभर दाणे टाका, ओल सारखी ठेवा आणि चौदाव्या दिवशी मोजा. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान 80 टक्के असावी लागते. स्वच्छ मातीतच ती कमी आली तर दोष बियाण्याचा आहे. दोन्हीकडची संख्या जवळपास सारखी येईपर्यंत थेट पेरणी थांबवा.

इंजिनचे काळे, वापरलेले तेल सांडले असेल तर मात्र इतकी वाट पाहू नका. त्यात धातूंचे अंश असतात आणि ते जिवाणूंना खाता येत नाहीत. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घ्या, ती माती खणून शेताबाहेर काढा आणि विल्हेवाटीबद्दल विभागीय कृषी कार्यालयात विचारा. ती बांधावर टाकू नका.

प्रश्न (चोडण): मानशीतून (बांधातल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारातून) येणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो. तो तेलाचा का? रहू (मोड आलेले भात) टाकलेला आहे.

उत्तर: काठीने तवंग ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहाच्या जिवाणूंचा थर. आपल्या जांभ्याच्या प्रदेशात तो नेहमीचा आणि निरुपद्रवी. फिरून लगेच एकत्र आला आणि रॉकेलसारखा वास आला, तर तेल समजा.

तेल असेल तर भरतीच्या वेळी मानशीचे दार बंद ठेवा आणि तोंडाशी जाळीत भरलेल्या नारळाच्या सोडणांची किंवा पेंढ्याची तरंगती माळ बांधा. भिजली की बदला. शेतात शिरलेले पाणी तळातून सोडू नका. पाणी उतरते तसा तवंग खाली बसतो आणि मोड आलेल्या दाण्यांना लेपाटतो. त्याऐवजी पाण्याची पातळी थोडी वाढवून वरचा थर बांधाच्या एका खाचेतून खड्ड्यात काढा. मगच निचरा करा. बी नासले असेल तर नव्याने टाकण्याआधी मातीची क्षारता तपासून घ्या. खाजनात उगवण बिघडण्याचे कारण पुष्कळदा मीठच असते, आणि तेलाच्या संशयात ते नजरेआड होते.