तिथी डेटाबेसमध्ये ठेवायची कशी?

प्रश्न : सुमारे चारशे यजमानांच्या श्राद्धतिथी वहीतून डेटाबेसमध्ये घेतल्या. मृत्यूची इंग्रजी तारीख नोंदवली आणि दरवर्षी तिच्यावरून तिथी काढायचे ठरवले. पण सूत्र जुळत नाही. पंचांगाचा तक्ता जोडून पाहिला, तर काही नावे यादीत येतच नाहीत आणि काही दोनदा येतात. (पैठण)

उत्तर : तारखेत ठरावीक दिवस मिळवून तिथी कधीच मिळणार नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, आणि चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी २० तासांच्या आत आटोपते, तर कधी २६ तासांहूनही अधिक लांबते. त्यात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो.

यजमानांच्या तक्त्यात महिना, अधिक आहे का, पक्ष, तिथी आणि शके हे पाच रकाने वेगवेगळे ठेवा. महिना आकड्यात घाला, चैत्र १ ते फाल्गुन १२. नाव अक्षरांत ठेवले तर अकारविल्ह्यात आश्विन आणि आषाढ वर जातात आणि चैत्र मध्येच अडकतो. अमावास्येला पंचांगकर्ते ३० लिहितात, तसेच लिहा. पौर्णिमेच्या १५ शी गल्लत होत नाही. मृत्यूची इंग्रजी तारीख जरूर ठेवा, पण वेळेसह. त्या क्षणी चालू असलेली तिथी धरायची असते आणि एकाच तारखेत दोन तिथी सहज येतात.

नावे गळतात ती पंचांगाच्या तक्त्यामुळे. तुमच्या तक्त्यात बहुधा दर तारखेला सूर्योदयाची एक तिथी आहे. क्षयतिथी कोणत्याच सूर्योदयाला नसते, म्हणून ती माणसे गायब. वृद्धितिथी दोन सूर्योदयांना असते, म्हणून ती दोनदा. तक्ता उलटा करा: दर तिथीला एक ओळ, आणि तिच्यात आरंभाचा व समाप्तीचा क्षण. साध्या वर्षात ३६० ओळी होतील, अधिक महिन्याच्या वर्षात ३९०. यात एकही तिथी हरवत नाही.

मग श्राद्धाचा दिवस अपराह्णावरून काढा. दिवसमानाचे पाच भाग केले की चौथा भाग अपराह्ण. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला असेल तर १ वाजून १२ मिनिटे ते ३ वाजून ३६ मिनिटे. तिथी दोन्ही दिवशी अपराह्णाला असेल, किंवा कोणत्याच दिवशी नसेल, तर प्रोग्रामने परस्पर निर्णय देऊ नये. ते नाव वेगळ्या यादीत काढावे आणि निर्णय जाणत्याने करावा.

अधिकचा रकाना गाळलात तर काय होते ते २०२३ मध्ये दिसले असते. त्या वर्षी अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता आणि निज, म्हणजे नेहमीचा श्रावण १७ ऑगस्टला लागला. श्रावणातली प्रत्येक नोंद दोनदा आली असती. मृत्यू अधिक श्रावणातला असेल, तर ज्या वर्षी श्रावण अधिक नसतो त्या वर्षी नेहमीचा श्रावण धरावा लागतो. ही अट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसमधून यादी काढण्याच्या आज्ञेत घाला.

यजमान इंदूर-ग्वाल्हेरकडचे असतील तर त्यांनी सांगितलेला महिना तपासून घ्या. तिकडच्या पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या पंचांगात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचे नाव असते. आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. मुलगा न्यू जर्सीला श्राद्ध करणार असेल तर तिथी संपण्याचा क्षण तोच राहतो, पण सूर्योदय आणि अपराह्ण तिथले घ्यावे लागतात. दिवस बदलू शकतो.

प्रश्न : मोडी कागदांची सूची करतो आहे. तारखेच्या रकान्यात १६७४ किंवा १७६१ मधली तारीख टाकली की एक्सेल क्रम लावत नाही. दुसऱ्या डेटाबेसमध्ये ६ जून १६७४ टाकले, तर बुधवार दाखवतो. (पुणे)

उत्तर : एक्सेलची तारीख १९०० पासून सुरू होते, त्याआधीचे सगळे त्याला नुसती अक्षरे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला १६७४ चालते, पण ते आजचेच ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ओढत नेते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख ज्युलियन, म्हणजे ग्रेगोरियनच्या आधीच्या कॅलेंडरातली आहे. ग्रेगोरियनने ती १६ जून १६७४, आणि वार शनिवार. या दोन तारखांत दहा दिवसांचे अंतर आहे, चूक वाराची नाही.

गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत त्या काळी ग्रेगोरियन तारखा असत; इंग्रज मात्र सप्टेंबर १७५२ पर्यंत ज्युलियन लिहीत, आणि १७५१ पर्यंत त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून सुरतेच्या वखारीतला फेब्रुवारी १६७३ चा कागद आपल्या हिशेबाने १६७४ चा असतो. दोन्ही कॅलेंडरांतला फरक १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत १० दिवस, पुढे ११.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे ज्युलियन दिनांक: ज्युलियन कॅलेंडरातली तारीख नव्हे, तर एकापाठोपाठ मोजलेला दिवसांचा आकडा. वरच्या शनिवारचा तो २३३२६४३, पानिपताच्या १४ जानेवारी १७६१ चा २३६४२६६. क्रम, वजाबाकी, वार सगळे याच्यावरून करा. आकड्याला ७ ने भागून बाकी ० आली तर सोमवार, ५ आली तर शनिवार. पण कागदावरचा मूळ मजकूर अक्षरशः वेगळ्या रकान्यात राहू द्या. तो कधी पुसू नका, कारण रूपांतर चुकलेले असू शकते.

मराठी कागदांत सुहूर सन लिहीत; त्याचे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी लागते. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपताच्या वेळी सुहूर ११६१, म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ (एक, साठ, शंभर आणि हजार). महिने मात्र हिजरी: 'छ' नंतरचा आकडा चांद्र तारखेचा. सौर वर्ष चांद्र बारा महिन्यांपेक्षा सुमारे ११ दिवसांनी मोठे असल्यामुळे एकाच सुहूर वर्षात एखाद्या महिन्याच्या काही तारखा दोनदा येतात, एकदा आरंभी आणि एकदा शेवटी. अशा कागदाला एकच दिवस चिकटवू नका. 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' असे दोन रकाने करा. वार लिहिलेला असेल तर बहुतेक वेळा त्यावरून निकाल लागतो.

प्रश्न : राजपत्रातले शके आणि घरच्या कॅलेंडरातले शके जुळत नाहीत. (नाशिक)

उत्तर : ही दोन वेगळी कॅलेंडरे आहेत. राजपत्रातले राष्ट्रीय कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून लागू झाले आणि ते सौर आहे: चैत्र २२ मार्चला लागतो, लीप वर्षी २१ ला. २०२४ मध्ये २१ मार्चला राष्ट्रीय १९४६ लागले, पण गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, तोवर पंचांगात १९४५ च. ब्राउझरमध्ये तारीख दाखवण्यासाठी असलेले 'इंडियन' कॅलेंडर राष्ट्रीयच आहे, त्यातून तिथी मिळत नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला ते २४ श्रावण १९४७ देईल; पंचांगात त्या सूर्योदयाला श्रावण वद्य सप्तमी होती. महिना तोच दिसल्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही. रकान्याच्या नावातच 'राष्ट्रीय' किंवा 'पंचांग' लिहा.