डोकं आपटून पडलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तर त्याला पुन्हा खेळू द्यावं का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: रविवारी अंधेरीला टर्फवर (भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावर) सात-सात जणांचा फुटबॉल खेळताना, बाजूने गोलसमोर आलेल्या बॉलवर (क्रॉसवर) तुमचा स्ट्रायकर आणि समोरचा गोलकीपर धडकले. स्ट्रायकर काही सेकंद हललाच नाही. पाणी मारून, दोघांनी काखेत हात घालून त्याला उठवलं. ‘मी ठीक आहे’ म्हणाला आणि शेवटपर्यंत खेळला. हे बरोबर झालं का, आणि हेडगार्ड (डोक्याला घालायची मऊ संरक्षक टोपी) घेऊन फायदा होईल का, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर झालं नाही. पण आधी आत्ताचं काम. त्याला लगेच फोन करा. डोकेदुखी वाढत चाललीय, पुन्हापुन्हा उलटी होतेय, झोपाळलाय, बोलताना अडखळतोय, दोन-दोन दिसतंय, हातापायाला मुंग्या आहेत, मान दुखतेय, यांतलं एक जरी असेल तरी आजच सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये वेळ घालवू नका. यांतलं काही नसलं तरी डॉक्टरला दाखवायचंच आहे, कारण काही सेकंद शुद्ध गेली होती.

इतकं बजावून सांगण्याचं कारण कानशिलाच्या हाडात आहे. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, तर कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत जातं. असा माणूस सुरुवातीला नीट बोलतो, हसतो, घरी जातो आणि काही तासांनी गुंगीत जातो. वेळेत ऑपरेशन झालं तर पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून ‘उठला म्हणजे वाचला’ हा हिशोब धरू नये, आणि पहिली रात्र त्याला एकटं ठेवू नये. दारू नको, बाईक चालवणं नको, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या नकोत. पॅरासिटामोल चालेल.

रक्तस्राव नसला तरी मेंदू कवटीत हिंदकळलेला असतो. याला कन्कशन म्हणतात आणि ते साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे खेळायला मोकळा असं होत नाही. शुद्ध न हरपताही कन्कशन होतं. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला धडक बसली, त्यानंतरही तो जवळपास पाव तास मैदानात होता, आणि ‘ही फायनलच आहे ना?’ असं त्याने रेफ्रीला विचारलं. समोर लाखो डोळे, बाजूला संघाचे डॉक्टर, तरी हे घडलं. ज्या मेंदूला मार बसलाय त्यालाच ‘ठीक आहेस का’ विचारून काय उपयोग? त्याऐवजी विचारा: आपण कुठल्या टर्फवर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कोणी मारला? मागची मॅच कोणाशी होती, जिंकलो का? एक उत्तर चुकलं तरी बाहेर. सगळी बरोबर आली, पण शुद्ध गेली होती, चालताना तोल जातोय किंवा नजर शून्यात आहे, तरीही बाहेर. त्या दिवशी परत आत नाही. त्याच दिवशी दुसरा मार बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं, आणि धोका शाळकरी मुलांना जास्त. फुटबॉलचे नियमही आता हेच सुचवतात: २०२४ पासून स्पर्धांना कन्कशनसाठी कायमचा जादा बदली खेळाडू देण्याची मुभा आहे. तुमच्या रविवारच्या खेळात तर बदलीवर बंधनच नाही, मग अडतं कुठे? अडतं ते ‘एक माणूस कमी पडतो’ यावर. म्हणून हा निर्णय त्या वेळी बाहेर बसलेल्या एका माणसाकडे द्या आणि खेळ सुरू होण्याआधीच तसं ठरवा.

परतीचं वेळापत्रक असं. पहिले २४ ते ४८ तास आराम आणि मोबाइल कमी. मग चालणं, मग हलकं धावणं, मग एकट्याने बॉल, मग धडक नसलेला सराव, मग डॉक्टरच्या परवानगीने पूर्ण सराव, शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये हौशी खेळाडूंसाठी ज्या सूचना आल्या, त्यांत २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरू नका असं आहे. टर्फवर येणाऱ्यांच्या पाठीशी टीम डॉक्टर नसतो, तेव्हा मी हाच आकडा धरायला सांगेन.

आता तो पडल्या क्षणाचं. तुमच्याकडची सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे काखेत हात घालून उठवणं. बेशुद्ध पडलेल्याच्या मानेचा मणका मोडलाय की नाही हे बाहेरून कळत नाही. मोडला असेल, तर तुमच्या एका हिसक्याने मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. पाणी मारू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात बोटं घालून जीभ ओढू नका. एकाने डोक्यापाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तिथेच स्थिर धरायचं. दुसऱ्याने छाती बघायची: १० सेकंदांत नीट श्वास दिसतोय का? दिसत असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. उलटी झालीच तर चौघांनी मिळून, डोकं धरलेल्याच्या आकड्यावर, डोकं-खांदे-कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं.

श्वास नसेल, किंवा मधूनच घुसमटल्यासारखी उचकी येत असेल, तर मानेची काळजी मागे पडते. हृदय बंद पडलंय असंच समजा. सुरुवातीला कधीकधी हातपाय झटकले जातात आणि लोक ‘फिट आली’ म्हणून बघत बसतात. तिथेच मिनिटं जातात. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला हात खोल दाबत नाही. विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्राला उशीर होईल तशी जगण्याची शक्यता मिनिटामागे सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. गोव्याच्या डेम्पो क्लबचा फुटबॉलपटू क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरात, फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोलकीपरशी धडकून कोसळला आणि वाचला नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये कोसळला. त्याला जागेवरच छातीदाब आणि झटका मिळाला, आणि तो पुन्हा खेळला. मुंबईतली अडचण वेगळीच. बरीच टर्फ इमारतीच्या गच्चीवर किंवा आतल्या गल्लीत आहेत. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का, रात्री अकराला गेटची चावी कोणाकडे असते, एईडी आहे का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा. पत्ता सांगताना स्टेशनची पूर्व-पश्चिम बाजू आणि जवळची खूण सांगा, आणि एकाला रस्त्यावर उभं करा.

पायाचं थोडक्यात. नडगी वाकडी दिसली तर सरळ करू नका. आहे तशीच दोन्ही बाजूंनी आधार देऊन बांधा. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, हळद नको, स्वच्छ ओला गॉज ठेवा. गुडघा निखळला असेल तर तो परत जागेवर बसला तरी हॉस्पिटल चुकवू नका: मागची धमनी फाटलेली असू शकते, आणि रक्तपुरवठा बंद असेल तर साधारण ६ तासांत पाय गमवायची वेळ येते. पाऊल थंड किंवा पांढरं पडणं ही खूण. पोटात गुडघा बसल्यावर डाव्या खांद्यात दुखू लागलं तर प्लीहा (पोटात डावीकडे असलेला अवयव) फाटल्याची शंका घ्या. पडलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाका आणि तासाभरात डेंटिस्ट गाठा.

हेडगार्डचं म्हणाल, तर २००६ मध्ये गोलकीपर पीटर चेकची कवटी खचली आणि नंतर तो मऊ टोपी घालून खेळू लागला, तेव्हापासून लोकांना ती ढाल वाटते. कवटीच्या जुन्या फ्रॅक्चरला आणि कपाळ फुटण्याला तिचा उपयोग आहे. आतला मेंदू हिंदकळणं ती थांबवत नाही. पैसे शिनगार्डवर (नडगीच्या संरक्षक पट्टीवर) घाला. त्याहून उपयोगी म्हणजे तुमचे स्वतःचे टर्फ-नियम: स्लायडिंग टॅकल (घसरत येऊन बॉल काढणं) बंद, गोलकीपरने बॉलला हात लावला की त्याच्यावर जायचं नाही, हवेतल्या बॉलला ‘माझा’ असं मोठ्याने ओरडायचं, कोपर खांद्याच्या वर नाही. तळाला लांब स्टड (खुंट) असलेले बूट टर्फवर नकोत. स्टड रुततो, पाय अडकतो, अंग वळतं आणि गुडघ्याचं लिगामेंट जातं. त्यासाठी बारीक रबरी गुठळ्यांचे टर्फ शूज मिळतात. रेषेला चिकटून असलेल्या लोखंडी खांबांना फोम गुंडाळलाय का ते बघा, आणि हलते गोलपोस्ट मागून बांधलेले किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेले नसतील, तर खेळ सुरू करण्याआधी मालकाकडून ते करून घ्या.