नदी चढली की बोअरमधलं युरेनियम वाढतं की घटतं? दोन्ही

एकाने इथं विचारलेला प्रश्न असा आहे की नदीकाठाजवळच्या जमिनीत जुनं युरेनियम मुरलेलं आहे, पूर आला, नदीचं एवढं पाणी जमिनीत शिरलं, मग सगळीकडे ते पातळ व्हायला हवं होतं, तर काठावरच्या बोअरमध्ये आकडा उतरला पण काठापासून आतल्या बाजूच्या बोअरमध्ये चढला, असं कसं. त्यावर दोघांनी सॅम्पलमध्ये घोळ असेल असं उत्तर देऊन विषय मिटवलाय. मला नाही वाटत घोळ आहे. उलट असंच व्हायला पाहिजे.

याचं भरपूर अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड, कोलंबिया नदीच्या अगदी काठावर. तिथल्या ३०० एरियात १९४३ पासून अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचं इंधन बनवायचे आणि सांडपाणी सरळ उघड्या तळ्यांत न् चरांत सोडायचे. पुढे ते बंद झालं, वरची दूषित माती उकरून नेली, आणि १९९०च्या दशकात हिशोब मांडला की उरलेलं ३ ते १० वर्षांत आपोआप धुऊन जाईल. हिशोब वरवर बरोबरच वाटतो, कारण खाली गोटे आणि जाडी वाळू, पाणी दिवसाला कित्येक मीटर सरकतं. पण १० वर्षं उलटली, प्लूम, म्हणजे दूषित भूजलाचा पट्टा, तिथंच.

गडबड कुठं झाली तर साठा पाण्यात नव्हताच, पाण्याच्या वर होता. तळी भरलेली असायची तेव्हा आणि नदी चढायची तेव्हा भूजलाची पातळी वर जायची, आणि उतरताना त्या पट्ट्यातल्या मातीला युरेनियमचा लेप लावून जायची. एरवी तो पट्टा कोरडा, त्यामुळे बोअरमध्ये काही कळत नाही. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, मागचं भूजल तुंबतं, पातळी त्या लेपापर्यंत पोचते आणि युरेनियम सुटतं. म्हणजे तुमच्या आतल्या बोअरमध्ये जे वाढलं ते नदीच्या पाण्याने आणलेलं नाही, नदीने अडवल्यामुळे वर चढलेल्या भूजलाने ते मातीतून काढलंय.

आता काठावरचा बोअर. तिथं नदीचं पाणी खरोखर घुसतं, पातळ होतं हे खरंच, पण तेवढंच नाही. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम युरेनिल म्हणून, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या विरघळणाऱ्या रूपात असतं, ते कार्बोनेटशी जोडी जमवतं, कॅल्शियम असेल तर तेही त्यात येतं आणि मग त्या गटावर विद्युतभारच उरत नाही, त्यामुळे लोहाच्या गंजाला न् चिकणमातीला ते फारसं धरत नाही, पाण्याबरोबर सुखाने चालू लागतं. हे कार्बोनेट पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून मिळतं, आणि भूजलात बायकार्बोनेट जास्त, नदीत कमी. त्यामुळे नदीचं पाणी आत आलं की युरेनियम कणांना परत चिकटतं, आणि नदी उतरून भूजल परत आलं की सुटतं. आकडा कमी झाला म्हणून माल गेला असं समजू नका, तो दोन हात बाजूला मातीला चिकटून बसलेला असतो.

मी स्वतः याच्यावर कॉलमचे प्रयोग केलेत. दूषित गाळ चाळून काचेच्या नळीत ठासून भरायचा, खालून पाणी सोडायचं, वरून बाटल्या भरत राहायच्या. आकडा हळूहळू खाली येतो, आपण खूश होतो, मग पंप दोन दिवस बंद ठेवायचा. पुन्हा सुरू केला की पहिल्या चार-पाच बाटल्यांत आकडा टुणकन वर. कणांच्या बारीक भेगांमध्ये आणि लेपाच्या आतल्या थरांत अडकलेलं सावकाश झिरपून बाहेर येतं, वाहत्या पाण्याला तेवढी वाट बघायला वेळ नसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही त्या दोघांसारखंच म्हणालो होतो, सॅम्पलमध्ये घोळ. तीनदा परत केलं.

'बॅक्टेरिया वापरून थांबवता येईल का' असंही एकाने विचारलंय. कोलोराडो राज्यात रायफलला, कोलोराडो नदीकाठच्या जुन्या युरेनियम मिलच्या (खनिजातून युरेनियम काढायच्या कारखान्याच्या) जागेवर, २००२ मध्ये जमिनीत खाणं म्हणून अ‍ॅसिटेट सोडून जिओबॅक्टर नावाचे बॅक्टेरिया वाढवले, त्यांनी विरघळणारं युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात नेलं, आकडे खाली आले. पण खाणं बंद केलं आणि ऑक्सिजनवालं किंवा नायट्रेटवालं पाणी आलं की ते परत विरघळू शकतं. तिथंच नदीच्या जुन्या वळणांतल्या काळ्या, पालापाचोळ्याच्या गाळात हेच काम आपोआप झालेलं सापडलं, युरेनियम तिथं साठून राहिलेलं. म्हणजे तीच जागा आज सापळा आणि परिस्थिती बदलली तर उद्या साठा.

तुम्ही काय करायचं, तर वर्षातून एकदा ठरल्या तारखेला सॅम्पल घेणं बंद करा, त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही बोअरमध्ये आणि नदीत लॉगर (आपोआप नोंदी ठेवणारं यंत्र) सोडा, पातळी आणि इसी (पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तेवढी जास्त) तासातासाला. काठाच्या बोअरची इसी पडली की नदीचं पाणी पोचलं समजा. युरेनियमचं सॅम्पल नदी चढताना, माथ्यावर असताना, उतरताना आणि तळाला असताना घ्या, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून, आणि सोबत अल्कलिनिटी (यावरून बायकार्बोनेट किती ते कळतं), कॅल्शियम, नायट्रेट, विरघळलेला ऑक्सिजन नक्की करा, नुसत्या युरेनियमच्या आकड्यावर कुणीच काही सांगू शकणार नाही. नदीच्या मध्यातलं पाणी तपासून 'काही नाही' म्हणू नका, तिथं पातळ होऊन जातं. नदी सगळ्यात खाली असेल तेव्हा काठावर जे झिरपतं ते बाटलीत घ्या.

आणि कुणी ते पाणी पित असेल तर डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, मुख्य धोका मूत्रपिंडाला, किरणोत्सर्गापेक्षा रासायनिक विषारीपणाचा. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं तर आकडा वाढतो. आरओने उतरतं.

तुमच्या आतल्या बोअरची जाळी, म्हणजे पाणी आत येतं तो भोकांच्या पाइपचा भाग, किती खोलीपासून सुरू होते ते टाका ना. पातळी चढली तेव्हा ती जाळीच्या वर गेली की आतच राहिली, यावरून बरंच काही ठरेल.