युवा गटासाठी वर्षभराचे साहसी उपक्रम ठरवताना विविधता आणि तोल कसा साधावा?

तुम्ही लिहिलंय की 12 ते 16 वयाच्या 24 मुलामुलींचा गट नुकताच तुमच्याकडे आला आहे, महिन्याला एक साहसी उपक्रम करायचा आहे आणि गेल्या वर्षी ट्रेकमागून ट्रेकच झाल्यामुळे निम्मी मुलं यायची बंद झाली आहेत. अशा गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती, लगेच उपक्रमांची यादी करायला बसू नका. यादीत प्रस्तरारोहण, रॅपलिंग (दोराच्या आधाराने कड्यावरून खाली उतरणं) आणि झिपलाइन (ताणलेल्या तारेला लटकून घसरत जाणं) अशी तीन नावं आली की भरपूर विविधता आल्यासारखं वाटतं. पण तिन्ही ठिकाणी मुलांचा कस लागतो तो मुख्यतः उंचीवर धीर धरण्यात. ज्याला उंचीची भीती नाही तो तिन्हीकडे पुढे आणि ज्याला आहे तो तिन्हीकडे मागे. नुसत्या ट्रेकचंही तेच, तिथे धीराऐवजी दम. सारखी मागे राहणारी मुलं काही महिन्यांत 'हे आपलं काम नाही' असं मनाशी ठरवून टाकतात आणि येईनाशी होतात.

मी वहीत पाच रकाने आखतो: दम, धीर, डोकं, हात (हातांनी काही बनवणं) आणि मेळ (एकमेकांशी जुळवून काम करणं). प्रत्येक उपक्रमापुढे 0 ते 3 गुण मांडायचे. लांब पल्ल्याच्या सायकल सफरीला दम 3, बाकीचं एकेक. ओरिएंटिअरिंगला, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या खुणा शोधत जाण्याला, डोकं 3, दम 2. पिंपं आणि बांबू बांधून तराफा करायचा आणि तो पाण्यात चालवायचा, तर हात 3, मेळ 3. तीन महिन्यांचे उपक्रम एकाखाली एक लिहून उभी बेरीज केली की कुठला रकाना रिकामा राहतोय ते लगेच दिसतं. तुमच्या गेल्या वर्षाची बेरीज करून बघा. दम भरपूर असेल, डोकं आणि हात जवळजवळ कोरे असतील.

हे रकाने मला एका मुलीमुळे सुचले. चौदा वर्षांची, चढावर कायम सगळ्यांच्या मागे, फारसं बोलायची नाही. एकदा आम्ही रात्री नकाशावरून वाट शोधायचा खेळ ठेवला होता. तिची सहा जणांची तुकडी एका फाट्यावर अडली आणि दोन दणकट मुलं डावीकडेच जायचं म्हणून हटून बसली. हिनं सॅक खाली ठेवली, गुडघ्यावर नकाशा पसरला, छोटा टॉर्च दातांत धरला आणि होकायंत्राची सुई बघून नकाशा हळूहळू फिरवून घेतला. मग टॉर्च काढून एवढंच म्हणाली, "ओढा उजव्या हाताला पाहिजे. इथे डावीकडून आवाज येतोय. आपण मागेच चुकलोय." सगळे गप्प झाले आणि तिच्याबरोबर मागे फिरले. पुढच्या ट्रेकलाही ती चढावर मागेच होती, पण आता पुढची मुलं प्रत्येक फाट्यावर तिची वाट बघत थांबायची.

तेव्हा वर्षाचा आराखडा तयार झाला की प्रत्येक मुलाच्या नावापुढे बोट ठेवून बघा: हा किंवा ही कुठल्या महिन्यात पुढे असेल? एखाद्या नावापुढे उत्तर सापडलं नाही तर आराखडा बदला.

ही कल्पना तशी जुनीच आहे. ऑगस्ट 1907 मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, त्यातूनच पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. तिथे मुलांच्या चार तुकड्या होत्या आणि रोजचा विषय वेगळा: एक दिवस निरीक्षणाचा, एक रानातल्या कौशल्यांचा, एक जीव वाचवण्याचा. या जीव वाचवण्याच्या दिवसाकडे मी तुमचं खास लक्ष वेधेन. प्रथमोपचार आपण तासाभराच्या भाषणात उरकतो. त्याऐवजी एका मुलाला 'पाय मुरगळलेला' करून झाडीत बसवा, दोन काठ्या आणि दोन जाड शर्टांचं स्ट्रेचर करायला सांगा आणि त्याला अर्धा किलोमीटर वाहून आणायला लावा. डोकं, हात, मेळ, दम सगळं त्यात येतं आणि सामान जवळजवळ काहीच लागत नाही.

आता रांगेबद्दल, कारण उत्साह सगळ्यात जास्त तिथेच मावळतो. रॅपलिंगला दोर एक, मुलं 24 आणि एकेकाला आठ मिनिटं धरली तर 192 मिनिटं होतात. म्हणजे आठ मिनिटांच्या थरारासाठी तीन तास बसून राहायचं. सहा-सहाच्या चार तुकड्या करा. एक दोरावर, दुसरी गाठी शिकतेय, तिसरी ताडपत्रीचा निवारा उभारतेय, चौथी नकाशा घेऊन जवळपासच्या खुणा शोधतेय. पाऊण-एक तासाने जागा बदला. तुकड्या मात्र वर्षभर त्याच ठेवा आणि तुकडीप्रमुख पाळीपाळीने बदला.

धीराचा रकाना फार जपून भरावा लागतो. सुरुवातीच्या काळात मी एका मुलाला कड्यावरून जवळजवळ रेटून खाली सोडलं होतं. दोराला गच्च धरलेली त्याची पांढरी पडलेली बोटं मला अजून आठवतात. खाली पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तोही हसला. त्यानंतर तो एकदाही आला नाही. तेव्हापासून मी एकाच ठिकाणी दोन-तीन पायऱ्या ठेवतो: लहान उतार, मधला टप्पा, मोठा कडा. कुठली घ्यायची ते मुलाने ठरवायचं. 'आज मी उतरत नाही' हेही उत्तर चालतं, पण त्या दिवशी त्याला काहीतरी खरं काम हवं: हेल्मेट आणि हार्नेस (दोराला जोडायचे कमरेचे पट्टे) तपासायला प्रशिक्षकाच्या हाताखाली उभं राहणं, वेळ नोंदवणं. अशी बरीच मुलं पुढच्या वेळी आपणहून दोराला हात घालतात.

मोठा उपक्रम थेट करू नका. रात्रीच्या मुक्कामाआधी मैदानात एक रात्र तंबूत काढा. कयाकिंगच्या, म्हणजे छोटी अरुंद होडी वल्हवण्याच्या, आधी लाइफ जॅकेट घालून उथळ पाण्यात मुद्दाम उलटायचा सराव करा, म्हणजे उलटण्याची भीती तिथेच निघून जाते. तीन महिने अशा छोट्या पायऱ्यांचे आणि चौथ्या महिन्यात मोठी मोहीम, असं चक्र वर्षात तीनदा बसतं. मोहिमेच्या पुढचा उपक्रम मुद्दाम हलका ठेवा: ताऱ्यांवरून दिशा ओळखणं किंवा प्रत्येकाने तासभर एकट्याने, हाकेच्या अंतरावर, रानात शांत बसणं. मला वाटलं होतं मुलं याला कंटाळतील. पुन्हा कधी बसायचं म्हणून त्यांनीच मागे लागून विचारलं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. दोर आणि पाणी या दोन्हींसाठी प्रशिक्षित माणूस हवाच, तिथे तडजोड नको. वेळेचा अंदाज घ्यायला स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 चा नियम उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तो तंदुरुस्त प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी मी ताशी 3 किलोमीटरच धरतो. 9 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ म्हणजे चार तास, वर विश्रांतीचा वेळ वेगळा. परत फिरायची वेळ सकाळीच सगळ्यांसमोर जाहीर करा आणि शिखर समोर दिसत असलं तरी ती पाळा. सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा, शेवटी एक मोठा माणूस. गडगडाट ऐकू आला की सुरक्षित इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. मिनिटात सहा वेळा वाजवली तर 'मदत हवी' हे पाठ करून घ्या. हवा बिघडली तर करायचा पर्यायी उपक्रम आधीच ठरवा आणि तोही तितक्याच मनापासून आखा. नाहीतर मुलं ओल्या कपड्यांत नुसती बसून राहतात.

आणखी एक काम या आठवड्यातच करा. जी बारा मुलं येत नाहीत त्यांना एकेकाला भेटा. 'का येत नाहीस' असं विचारू नका, मुलं त्याचं खरं उत्तर देत नाहीत. पाच रकाने आखलेला कागद समोर ठेवा आणि 'यातलं तुला काय करून बघायला आवडेल, आणि कुणाबरोबर?' एवढंच विचारा. पहिल्या तीन महिन्यांचे उपक्रम त्या बारा कागदांवरून ठरवा आणि प्रत्येकाला सांगा की कुठला उपक्रम त्याच्या कागदावरून आला आहे.